मागच्या पानापासून सुरुवात करा: आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी आशियाच्या गोष्टी निवडताना

मुखपृष्ठावर ड्रॅगन, कंदील, चेरीचा बहर, नाहीतर ओढणीआडून बघणारे दोन मोठे डोळे. आशियाबद्दलची मुलांची इंग्रजी पुस्तकं समोर मांडून बसलात की हीच चार चित्रं पुन्हा पुन्हा भेटतात. आतली गोष्ट कधी उत्तम निघते, कधी आतही नुसता कंदीलच असतो. बाहेरून काही कळत नाही. म्हणून अशी पुस्तकं नव्याने निवडायला बसलेल्या पालकांना, शिक्षकांना आणि ग्रंथालय सांभाळणाऱ्यांना मी एकच सवय लावून घ्यायला सांगते: पुस्तक हातात घेतलं की आधी मागची पानं उघडा.

बऱ्याच ऐतिहासिक बालकादंबऱ्यांच्या शेवटी लेखकाचं दोन-चार पानांचं टिपण असतं. गोष्टीतलं खरं किती, रचलेलं किती, माहिती कुठून मिळवली, हे पुस्तक लिहावंसं का वाटलं, हे सगळं तिथे असतं. मुलं ही पानं वाचत नाहीत, आणि वाचावीत अशी सक्तीही नको. निवडणाऱ्या मोठ्या माणसाने मात्र ती वाचलीच पाहिजेत. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका सवयीवर उभ्या आहेत.

पहिली पायरी: ‘आशिया’ हा शब्द बाजूला ठेवा

जगातली निम्म्याहून जास्त माणसं या एका खंडात राहतात. काबूल, क्योटो आणि कोलकाता यांना एका धाग्यात ओवायला गेलं तर हाती सामान्यज्ञानाचं पुस्तक येतं, गोष्ट येत नाही. ‘आशियाची ओळख’ छापाची पुस्तकं मी शक्यतो टाळते. प्रत्येक देशाला दोन पानं, एक झेंडा, एक पोशाख, एक सण, की झाला तो देश.

त्याऐवजी एक ठिकाण आणि एक काळ धरा. पुस्तक चाळताना स्वतःला विचारा: ही गोष्ट नकाशावर बोट ठेवून दाखवता येईल का? तिचं साल, निदान शतक तरी सांगता येईल का? ‘बाराव्या शतकातलं कोरियाच्या किनाऱ्यावरचं कुंभारांचं गाव’ असं उत्तर आलं तर पुस्तक बहुधा कामाचं आहे. ‘पूर्वेकडचा एक प्राचीन देश’ असं आलं तर सावध व्हा. लोककथा आणि अद्भुतकथा याला अपवाद आहेत, त्यांच्याकडे पुढे येऊ.

ठिकाण निवडायचं ते मुलाच्या आवडीवरून. मातीत हात घालणाऱ्या मुलीला कुंभारांची गोष्ट द्या, कबुतरांमागे धावणाऱ्या मुलाला कबुतराची. जपानचा इतिहास वाचायचाय म्हणून कुठलंही मूल पुस्तक उघडत नाही. आगगाडीच्या डब्यात शाळा भरते म्हटलं, तर नक्की उघडतं.

दुसरी पायरी: आठ आणि बारा यांतलं अंतर ओळखा

इंग्रजी प्रकाशनात आठ ते बारा हा वयोगट एकच धरला जातो, पण प्रत्यक्षात यात दोन वेगळे वाचक असतात. आठ-नऊच्या मुलाला लहान प्रकरणं, अधूनमधून चित्रं आणि रात्री झोप लागेल असा शेवट लागतो. अकरा-बाराचं मूल अन्याय पचवू शकतं, मात्र तो खोटा गोड करून सांगितलेला त्याला चालत नाही. सर्वसाधारणपणे मुलं स्वतःच्या वयाच्या किंवा वर्ष-दोन वर्षांनी मोठ्या नायकाबद्दल वाचतात. त्यामुळे नायकाचं वय हा निवडीचा सोपा मापदंड ठरतो.

जाडजूड पुस्तक पाहून दचकणाऱ्या मुलांसाठी काव्यकादंबरी हा एक चांगला मार्ग आहे. थान्हा लाय यांची ‘इन्साइड आउट अँड बॅक अगेन’ ही 2011 ची कादंबरी छोट्या छोट्या मुक्तछंद कवितांमधून उलगडते. 1975 साली युद्धात दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडते आणि ‘हा’ नावाची दहा वर्षांची मुलगी आपलं पपईचं झाड मागे सोडून आई आणि भावांबरोबर जहाजाने निघते, ती अमेरिकेतल्या अलाबामात पोचते. पानावर शब्द कमी असल्याने मूल भरभर पुढे जातं, आणि वाचायचा कंटाळा असलेली मुलंही हे पुस्तक पुरं करतात. लेखिका स्वतः दहाव्या वर्षी अशीच व्हिएतनाममधून बाहेर पडली होती. ही गोष्ट मागच्या टिपणात आहे, आणि ती कळली की पपईच्या झाडाकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जातं.

तिसरी पायरी: मागच्या पानावर नेमकं काय शोधायचं

टिपण आहे का, हा पहिला प्रश्न. खऱ्या घटनेवर बेतलेल्या पुस्तकाला टिपणच नसेल तर मी ते लगेच नाकारत नाही, पण पडताळणीचं काम आता माझ्यावर आलं हे समजून घेते.

टिपण असेल तर त्यात कबुली शोधा. ‘इथे मी बदल केला’, ‘हे पात्र काल्पनिक आहे’, ‘याबद्दल पुरावा मिळत नाही’ अशी वाक्यं लिहिणाऱ्या लेखकावर विश्वास ठेवायला हरकत नाही. लिंडा स्यू पार्क यांच्या ‘अ सिंगल शार्ड’ला 2002 चं न्यूबेरी पदक, म्हणजे अमेरिकेतला बालसाहित्याचा मानाचा पुरस्कार, मिळालं. बाराव्या शतकातल्या कोरियात एक अनाथ मुलगा हिरवट झाक असलेली सेलॅडॉन भांडी घडवणाऱ्या कुंभाराकडे राबतो, अशी ही गोष्ट. मुलगा काल्पनिक, पण भांडी खरी. गोर्यो राजवटीतल्या कोरियन कुंभारांची ती भांडी आजही संग्रहालयांत पाहायला मिळतात. गोष्टीच्या शेवटी ज्या सारसांच्या नक्षीच्या कलशाकडे बोट दाखवलं आहे, तोही खरोखरच आहे. पुस्तक संपल्यावर त्या कलशाचं छायाचित्र मुलाला दाखवा. अगोदर दाखवलंत तर मजा जाते.

आता उलट बाजूचं उदाहरण. एलिनॉर कोअर यांचं 1977 चं सादाकोचं पुस्तक जगभर शाळांतून वाचलं जातं. 6 ऑगस्ट 1945 ला हिरोशिमावर अणुबाँब पडला तेव्हा सादाको सासाकी दोन वर्षांची होती. पुढे तिला रक्ताचा कर्करोग झाला आणि 25 ऑक्टोबर 1955 ला, बाराव्या वर्षी, ती गेली. हजार कागदी सारस केले की इच्छा पुरी होते, अशी जपानी समजूत. पुस्तकात ती 644 सारस करते आणि उरलेले तिचे वर्गमित्र पूर्ण करतात. वाचणारा हमखास रडतो. पण सादाकोने हजाराचा आकडा केव्हाच ओलांडला होता आणि त्यानंतरही ती घड्या घालतच राहिली, असं हिरोशिमाचं शांतता स्मारक संग्रहालय आणि तिचे कुटुंबीय सांगतात.

हा फरक छोटा नाही. पुस्तकातली सादाको अपुरी राहते. खऱ्या सादाकोने हजार पूर्ण केले, इच्छा पुरी झाली नाही, तरी ती थांबली नाही. मला दुसरी गोष्ट जास्त भिडते. म्हणून पुस्तक देऊ नये असं नव्हे. द्या, आणि संपल्यावर हा आकड्यांचा घोळ मुलासमोर ठेवा. लेखिकेने असं का केलं असेल? दहा वर्षांची मुलं यावर तासभर वाद घालतात, आणि इतिहास म्हणजे काय हे त्यांना कुठल्याही धड्यापेक्षा इथे जास्त समजतं.

चौथी पायरी: सांगणारा कोण, आणि कुणाला सांगतोय

इथे नवखी माणसं एक सोपा नियम शोधतात: त्या देशाच्या लेखकाचं पुस्तक चांगलं, बाहेरच्याचं वाईट. नियम अर्धाच खरा आहे.

बाहेरून लिहिताना काय घोटाळे होतात ते पाहायचं असेल तर दोन जुनी चित्रपुस्तकं पुरेशी आहेत. 1938 चं ‘द फाइव्ह चायनीज ब्रदर्स’ घ्या. त्यात पाच भाऊ हुबेहूब सारखे दिसणं ही गोष्टीची गरज आहे, पण चित्रांत सगळे गावकरीही तसेच, पिवळे आणि तिरप्या डोळ्यांचे. दुसरं 1968 चं ‘टिकी टिकी टेंबो’. लांबलचक नावाचा मुलगा विहिरीत पडतो, आणि त्याचं नाव उच्चारता उच्चारताच मदतीला उशीर होतो. म्हणायला कथा चीनची. पण ते नाव चिनी नाही, आणि लांब नावाच्या पोराची गंमत जपानी कथाकथनात ‘जुगेमू’ म्हणून प्रसिद्ध आहे. ऐकायला नाव गमतीदार आहेच, मुलं ते आठवडाभर घोकतात. घोकून झालं की त्यांना खरी चिनी नावं ऐकवा. बहुतेक चिनी नावं दोन-तीन अक्षरांत संपतात.

आता अर्धा नियम कुठे फसतो ते. बाराव्या शतकातल्या कोरियात आजचं कुणीच ‘आतलं’ नाही. लिंडा स्यू पार्क यांचा जन्म अमेरिकेतला. आडनाव कोरियन असलं तरी त्यांना तो काळ अभ्यासूनच मिळवावा लागला. दुसरीकडे डेबोरा एलिस या कॅनडाच्या लेखिका. पाकिस्तानातल्या अफगाण निर्वासितांच्या छावण्यांत जाऊन, बायकामुलींशी बोलून त्यांनी 2000 साली ‘द ब्रेडविनर’ लिहिली. तालिबानच्या काबूलमध्ये मुलग्याच्या वेशात कमवायला बाहेर पडणारी अकरा वर्षांची परवाना त्यातली. ही कादंबरी मराठीतही आली आहे.

त्यामुळे पासपोर्ट तपासण्यापेक्षा मी एक वेगळी खूण शोधते. त्या गावातल्या मुलाला जे ठाऊकच असणार, ते लेखक समजावून सांगत बसलाय का? रोजचं जेवण, रोजचा नमस्कार, घरातली वडीलधारी माणसं यांचं वर्णन प्रदर्शनातल्या पाटीसारखं येत असेल, तर ते पुस्तक त्या मुलाबद्दल आहे, त्याच्यासाठी नाही. चांगल्या पुस्तकात काही गोष्टी न समजावता सोडून दिलेल्या असतात, आणि वाचणारं मूल त्या संदर्भाने उमजून घेतं.

आतल्या माणसाने लिहिलेल्या जुन्या पुस्तकांत एक नाव सहसा विसरलं जातं. धनगोपाल मुखर्जी यांच्या ‘गे-नेक’ या कबुतराच्या गोष्टीला 1928 चं न्यूबेरी पदक मिळालं. कोलकात्याच्या गच्चीवर वाढलेलं हे कबूतर पहिल्या महायुद्धात निरोप्याचं काम करायला फ्रान्सपर्यंत जातं. भाषा आज जड वाटते, मधेमधे उपदेशही आहे. बारा वर्षांच्या, पक्ष्यांचं वेड असलेल्या मुलालाच द्या. इतरांना त्यातलं कबुतराच्या शिकवणीचं एखादं प्रकरण वाचून दाखवलंत तरी पुरे.

पाचवी पायरी: पहिलं पुस्तक लोककथेचं घ्या

माकड आणि मगरीची गोष्ट मराठी मुलाला पाठ असते. मगरीच्या बायकोला माकडाचं काळीज हवं, मगर त्याला पाठीवर घेऊन निघते, आणि मधोमध आल्यावर माकड म्हणतं, अगं, काळीज तर मी झाडावरच विसरलो! पंचतंत्रात झाड जांभळाचं आहे, जातककथेत उंबराचं.

हीच गोष्ट कोरियात आहे. तिथे समुद्रातला नागराजा आजारी पडतो, औषध म्हणून सशाचं यकृत लागतं, कासव सशाला फसवून नेतं, आणि ससा म्हणतो, यकृत घरी ठेवून आलो. जपानच्या कथेत पुन्हा माकड येतं, पण बेत फुटतो तो जेलीफिशच्या तोंडून. शिक्षा म्हणून तिला इतकं बदडतात की अंगातली हाडंच नाहीशी होतात. जेलीफिशला हाडं का नसतात, याचं उत्तर गोष्टीत फुकट मिळालं!

पश्चिमेचा प्रवासही तितकाच लांबचा. सहाव्या शतकात इराणच्या खुस्रो अनुशिर्वानच्या दरबारातल्या बुर्झोय नावाच्या वैद्याने पंचतंत्र पहलवी या जुन्या इराणी भाषेत नेलं. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने ते अरबीत आणलं. करटक आणि दमनक हे आपले दोन कोल्हे तिथे ‘कलीला’ आणि ‘दिम्ना’ झाले, आणि त्यांच्याच नावाने ग्रंथ ओळखला जाऊ लागला.

आठ-नऊच्या मुलाला आशियाची ओळख करून द्यायला याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही. एक ओळखीची गोष्ट घ्या, तिच्या तीन आवृत्त्या शोधा, लागोपाठ सांगा. प्राणी का बदलला, झाड का बदललं, मगरीच्या जागी कासव का आलं, हे मुलांनाच शोधू द्या. समुद्राकाठच्या देशात गोष्ट नदीतून समुद्रात गेली, हे मुलं चटकन ओळखतात.

लोककथांचं पुस्तक निवडताना एवढंच बघा: कथा कुठल्या प्रदेशातली, कुठल्या संग्रहातून घेतली, हे कुठेतरी लिहिलंय ना. नुसतं ‘एक आशियाई लोककथा’ असेल तर ठेवून द्या. लोककथांची सामग्री घेऊन नवं रचलेलं अद्भुत पुस्तक मात्र वेगळं. ग्रेस लिन यांची 2009 ची ‘व्हेअर द माउंटन मीट्स द मून’ चिनी कथांवरून सुचलेली, पण स्वतःची गोष्ट सांगणारी कादंबरी आहे. गोष्टीत गोष्ट, तीत आणखी गोष्ट. पंचतंत्रावर वाढलेल्या मुलाला ही घडण लगेच घरची वाटते.

सहावी पायरी: कठीण इतिहास जोडीने वाचा

फाळणी, हिरोशिमा, वसाहती, चीनमधली माओच्या काळातली सांस्कृतिक क्रांती, युद्धं. आशियाचं विसावं शतक मुलांना सांगायचं तर याला वळसा घालून जाता येत नाही. पण एकेकटं पुस्तक इथे धोक्याचं असतं. एकाच पुस्तकात एक देश कायमचा बळी दिसतो नाहीतर कायमचा खलनायक.

म्हणून जोड्या लावा. माझी आवडती जोडी सांगते. पहिलं पुस्तक तेत्सुको कुरोयानागी यांचं ‘तोत्तोचान’. ते चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या मराठी अनुवादात नॅशनल बुक ट्रस्टने काढलं आहे. तोक्योतली तोमोए ही शाळा, आगगाडीच्या जुन्या डब्यांतले वर्ग, मुलांचं तासन्‌तास ऐकून घेणारे मुख्याध्यापक कोबायाशी, आणि शेवटी बाँबहल्ल्यात जळणारी शाळा. मुलं डब्यांवर जीव टाकतात, त्यामुळे शेवट त्यांना फार लागतो.

या पुस्तकात एक छोटं प्रकरण आहे, ते घाईत वाचून पुढे जाऊ नका. मासाओ नावाचा एक मुलगा तोत्तोचानला बघून ‘कोरियन!’ म्हणून ओरडतो. तो स्वतःच कोरियन आहे. लोक आपल्याला तसं ओरडतात म्हणजे ती शिवीच असणार, असं त्याला वाटतं. हे ऐकून तोत्तोचानच्या आईच्या डोळ्यांत पाणी येतं.

इथे थांबा आणि दुसरं पुस्तक काढा: लिंडा स्यू पार्क यांचं 2002 मधलं ‘व्हेन माय नेम वॉज केओको’. जपानच्या ताब्यातला कोरिया, साल 1940. कोरियन लोकांनी आता जपानी नावं घ्यायची, असा हुकूम येतो, आणि सनही ही मुलगी केओको होते. शाळेत जपानी भाषा. कोरियाचं आवडतं फूलझाड उपटून टाकायचं, त्याच्या जागी चेरी लावायची. बहीण आणि भाऊ आळीपाळीने गोष्ट सांगतात, त्यामुळे मुलींची-मुलांची पुस्तकं असा वाद उद्भवत नाही.

आधी तोत्तोचान, मग केओको, असाच क्रम ठेवा. जपानी मुलगी एकदा मैत्रीण झाली की मग तिच्याच देशाने दुसऱ्या मुलीचं नाव काढून घेतलं हे वाचताना मुलाची पंचाईत होते. ती पंचाईत होऊ द्या. उलट्या क्रमाने वाचलं तर राग आधी येतो, आणि मग तोमोए शाळेच्या दारात मूल फुरंगटून उभं राहतं. हे मी स्वतः चुकून करून पाहिलं आहे.

फाळणीसाठी वीरा हिरानंदानी यांची 2018 ची ‘द नाइट डायरी’ घ्या. सिंधमधल्या मीरपूर खासची बारा वर्षांची निशा आपल्या गेलेल्या आईला रोज पत्र लिहिते. वडील हिंदू, आई मुसलमान होती, त्यामुळे 1947 मध्ये आपण कोणत्या बाजूचे हा प्रश्न तिला सोडवता येत नाही. कुटुंब जोधपूरला निघतं. लेखिकेच्या वडिलांच्या कुटुंबाने हाच प्रवास केला होता, असं मागचं टिपण सांगतं. तहानेचा प्रसंग अंगावर येतो, तेव्हा दहाच्या आत नको. याच्याजवळ ठेवायचं तर सुप्रिया केळकर यांची 2017 ची ‘अहिंसा’ ठेवा. 1942 चं आंदोलन एका मुलीच्या नजरेतून तिथे दिसतं, आणि लेखिकेला ती सुचली आपल्या पणजीवरून, म्हणजे स्वातंत्र्यसैनिक अनसूयाबाई काळे यांच्यावरून.

चीनच्या सांस्कृतिक क्रांतीबद्दल या वयासाठी त्साओ वेनश्युआन यांचं ‘ब्राँझ अँड सनफ्लॉवर’ आहे. शहरातून खेड्यात आलेली सूर्यफूल नावाची मुलगी पोरकी होते, आणि मुक्या मुलाचं गरीब घर तिला सांभाळतं. राजकारण जवळजवळ दिसतच नाही, दिसतो तो पूर, टोळधाड आणि भूक. काहींना हे पळ काढणं वाटतं. मला वाटतं दहा-अकराच्या मुलाला क्रांती अशीच भेटते: मोठी माणसं कुठेतरी नेली जातात, आणि घरात धान्य कमी पडतं.

सातवी पायरी: नावं नीट घ्या

छोटी गोष्ट, पण पुस्तक शोधताना हमखास अडते. चिनी, जपानी, कोरियन परंपरेत आडनाव आधी येतं. वरच्या लेखकाचं आडनाव ‘त्साओ’ आहे, ‘वेनश्युआन’ नव्हे. ग्रंथालयाच्या सूचीत सापडलं नाही तर उलटं करून शोधा. इंग्रजी पुस्तकं जपानी नावं बहुतेकदा पाश्चात्त्य क्रमाने छापतात, त्यामुळे गोंधळ दुप्पट होतो.

उच्चारात मात्र मराठी मुलं नशीबवान. रोमन लिपीत ‘सी-ए-ओ’ वाचून इंग्रजी वाचक ‘काओ’ म्हणतो. आपल्याकडे ‘चमचा’तला च आहेच, त्याला थोडा श्वास जोडला की त्साओच्या बरंच जवळ पोचता येतं. मुलांना हे सांगितलं की ती नाव चुकवत नाहीत.

आणखी एक अडखळण वयाची. कोरियाच्या जुन्या पद्धतीत जन्मतःच मूल एक वर्षाचं, आणि नवं वर्ष लागलं की सगळ्यांचं वय एकाने वाढतं. दक्षिण कोरियाने सरकारी व्यवहारातून ही पद्धत 2023 च्या जूनमध्ये काढली. जुन्या काळच्या गोष्टीत वयाचा हिशेब जुळेना, तर छपाईची चूक समजू नका.

आठवी पायरी: पुढची पुस्तकं कुठे शोधायची

पुरस्कारांच्या याद्या हे चांगलं दार आहे, फक्त कुठली यादी काय मोजते हे ठाऊक हवं. न्यूबेरी अमेरिकेतल्या लेखकांना मिळतं, म्हणून तिथे आशिया बऱ्याचदा आजीच्या आठवणीतून किंवा स्थलांतरितांच्या घरातून येतो. त्या गोष्टी सुंदर असतात, पण त्या अमेरिकेच्याही गोष्टी आहेत, हे लक्षात ठेवून घ्या. पूर्व आणि आग्नेय आशियासाठी फ्रीमन पुरस्काराची यादी पाहा, दक्षिण आशियासाठी साउथ एशिया बुक अवॉर्डची. अनुवादित पुस्तकांसाठी बॅचेल्डर पुरस्कार आहे. जपानच्या नाहोको उएहाशी यांच्या ‘मोरिबितो’च्या इंग्रजी अनुवादाला तो मिळाला आहे.

सर्वांत भरवशाची मला हान्स अँडरसन पुरस्काराची यादी वाटते, कारण तो लेखकाच्या एकूण कामाला मिळतो आणि लेखक आपल्याच भाषेत, आपल्याच मुलांसाठी लिहीत असतो. 2014 मध्ये उएहाशी, 2016 मध्ये त्साओ वेनश्युआन, 2018 मध्ये जपानच्या एइको कादोनो, आणि चित्रकारांत 2022 मध्ये कोरियाच्या सूझी ली. या चार नावांपासून सुरुवात केली तरी वर्षभराचं वाचन होतं.

लहान वाचकांसाठी प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ 2015 पासून आहे. तिथे मराठीसह अनेक भाषांत मोफत गोष्टी मिळतात. बहुतेक गोष्टी आठ-नऊपर्यंतच्याच, पण एकच गोष्ट दोन-तीन भाषांत शेजारी उघडता येते, ही तिची खरी मौज.

मराठीत नसलेलं इंग्रजी पुस्तक आवडलं तर अनुवादाची वाट पाहत बसू नका. रोज सात-आठ पानं आधी स्वतः वाचा आणि रात्री मराठीत सांगत जा. अडेल तिथे मूळ शब्द तसाच ठेवा. भांड्याचं, झाडाचं, नात्याचं नाव उगाच मराठी करू नका. कोरियन ‘हल्मोनी’ म्हणजे आजी, हे एकदा सांगितलं की दुसऱ्या दिवसापासून मूल ‘हल्मोनी’च म्हणतं.

नववी पायरी: वाचताना आणि वाचून झाल्यावर

भिंतीवर आशियाचा नकाशा लावा. त्यावर प्रत्येक पुस्तकासाठी एकच टिकली, आणि शेजारी साल. पाच-सहा टिकल्या झाल्या की मुलं स्वतःच बोलू लागतात: तोत्तोचानची शाळा जळली तेव्हा निशा कुठे होती? दोघींमधलं अंतर दोनच वर्षांचं, हे नकाशा दाखवतो.

प्रश्नपत्रिका काढू नका. ‘या पुस्तकातून काय शिकलास’ हा प्रश्न तर मुळीच नको. एक प्रश्न मात्र मुलं स्वतः विचारतात: हे खरं घडलं होतं का? तेव्हा उत्तर तुम्ही देऊ नका, पुस्तक त्यांच्या हातात द्या आणि मागचं पान उघडून दाखवा. आतापर्यंत त्यांनी ते वाचलेलं नसतं.

आणि मुलाने पुस्तक मधेच सोडलं तर खूणपट्टी तिथेच राहू द्या, पुस्तक कपाटात मागे ढकलू नका. नवव्या वर्षी टोळधाडीपाशी थांबलेली मुलं अकराव्या वर्षी त्याच पानापासून, कुणालाही न सांगता, पुढे वाचायला लागलेली मी पाहिली आहेत.